रेझिसचं नाक

“शॅम्पेन?” रेझिसनं ओठाचा एक कोपरा वर उचलला. “ते प्यायला नसतं, ल्यूसियाँ. ते लग्नात भिंतीवर उडवायला असतं.”

“जवळचा मुलूख आहे म्हणून म्हटलं,” माझा भाऊ म्हणाला. “दोन तासांत पोचतो.”

“दोन तासांवर तुझी सासूही राहते. जातोस का कधी?”

ल्यूसियाँची बायको जोझियान पाव तोडत होती. आईचा विषय निघाल्यावर तिनं मान वर केली, आणि माझ्या नवऱ्याकडून आला म्हणून पुन्हा खाली घातली. एवढ्या वर्षांत तीही शिकली होती.

फ्रान्सच्या उत्तरेकडच्या आमच्या दुए गावात द्राक्षाची वेल धड जगत नाही. इथे लोक बिअर पितात, बटाटे तळतात आणि आभाळाला शिव्या देतात. अशा गावात, नगरपालिकेच्या पाणीखात्यात उभा जन्म काढलेला माझा नवरा स्वतःला वाईनचा सरदार समजत आला. दिवसभर लोकांच्या तळघरात वाकून मीटर बघायचे आणि संध्याकाळी ग्लास दिव्यासमोर धरून “याला पाठकणा नाही” असं म्हणायचं. पाठकणा नाही, हे तो वाईनबद्दल म्हणायचा, माझ्या भावाबद्दल म्हणायचा, आमच्या जावयाबद्दलही म्हणायचा. त्याचा स्वतःचा साहेब समोर आला की मात्र हा कमरेतून असा वाकायचा, की पाठकण्याची खरी माहिती कोणाला आहे हे मला कळायचं.

दर मे महिन्यात येशूच्या स्वर्गारोहणाची सुट्टी गुरुवारी येते. शुक्रवारी कोणीच कामावर जात नाही. त्या चार दिवसांत आम्ही चौघं एका गाडीत बसून कुठल्या ना कुठल्या द्राक्षांच्या मुलखात जातो. कुठे जायचं ते रेझिस ठरवतो, गाडी मी चालवते. म्हणजे तो तळघरांतून ग्लास फिरवत, हुंगत, चूळ भरून थुंकत हिंडतो आणि मी अंगणात गाडीला टेकून उभी राहते. चालवणाऱ्यानं प्यायचं नसतं. अर्ध्या फ्रान्सची अंगणं मला पाठ झाली आहेत. कोंबड्या, ट्रॅक्टर, साखळीला बांधलेलं कुत्रं. वर्णनाला बसले तर रेझिसपेक्षा माझं जास्त वेळ चालेल.

पण नाक खरं होतं, हे कबूल करायला हवं. शेजारच्या म्हातारीकडे गॅस सुटलाय, हे त्यानं एकदा जिन्यातूनच ओळखलं होतं. बाटलीचं बूच काढलं की घोट घेण्याआधीच वाईन बिघडली आहे का ते तो सांगायचा, आणि ते कधी चुकलं नाही. बाकी सगळा फुगा होता. त्या फुग्यात हवा भरायला एवढं एक नाक पुरत होतं.

त्या रविवारी मात्र त्याचं काही वेगळंच चाललं होतं. टेबलावर नकाशा पसरलेला, त्याच्या एका कडेवर मी भाजलेल्या चिकोरीच्या भाजीचं भांडं ठेवलेलं, आणि हा एकेक मुलूख निकालात काढत होता.

“आल्सास?” जोझियाननं विचारलं. “घरं किती गोड असतात तिथली.”

“घरं बघायची तर केकवाल्याच्या काचेत बघ.”

“बोर्दो?”

“तिथे वाईन विकत नाहीत, वंशावळ विकतात.”

“मग ल्वार,” ल्यूसियाँ म्हणाला. तो बॉयलर दुरुस्त करतो आणि त्याला सगळी वाईन सारखीच लागते. “नदीकाठ आहे. तुम्ही प्या, मी गळ टाकून बसतो.”

“मासेही तुझ्याकडे बघून परत फिरतील.”

“अरे, मग जायचं कुठे?” ल्यूसियाँनं काटा ठेवला. “दर वर्षी मार्च उजाडत नाही तोवर तू हॉटेल ठरवलेलं असतंस. यंदा सगळंच भिकार झालं?”

“या वर्षी घरीच बसू. सगळीकडे धंदेवाईक लोक झालेत.”

मी त्याच्याकडे बघितलं. ज्या माणसानं आमच्या मुलीचं लग्न द्राक्षांच्या तोडणीत येत नाही ना हे पाहून ठरवलं होतं, तो घरी बसायचं म्हणत होता.

जोझियाननं तेवढ्यात पिशवीतून बाटली काढली. तिच्या बहिणीनं दिलेली, बर्गंडीची, बरीच जुनी. “भांडू नका. हिची चव घ्या, म्हणजे कुठे जायचं ते सुचेल.”

रेझिसनं बूच काढलं. ग्लासात थोडी ओतली, फिरवली, नाक आत घातलं आणि डोळे मिटले. हे डोळे मिटणं मला लग्नापासून सहन होत नाही.

“हं,” तो म्हणाला. “काळी चेरी. पानगळीतलं जंगल. थोडं चामडं. जोझियान, तुझ्या बहिणीला नवरा निवडता आला नाही, पण बाटली निवडता येते.”

माझा ग्लास भरला तेव्हा वास माझ्यापर्यंत आला. बुरशी चढलेल्या पुठ्ठ्याचा. पूर येऊन गेलेल्या तळघरासारखा. बूच कुजलं की वाईनला हा वास लागतो, हे मला रेझिसनंच शिकवलं होतं, तेही पाहुण्यांसमोर, माझी अक्कल काढत.

ल्यूसियाँनं घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. “साहेब, ही तर सडलीये.”

“तुला काय कळतंय?”

“मला काही कळत नाही. पण फडकं चोखल्यासारखं लागतंय, एवढं कळतं. मारी, तू पी बरं.”

तिघंही माझ्याकडे बघत होते. रेझिसच्या चेहऱ्यावर त्याचा नेहमीचा तुच्छ भाव होता, पण हातानं टेबलाची कड घट्ट धरलेली होती. लग्नापासून ज्या क्षणाची मी वाट बघत होते, तो हाच. एक शब्द पुरला असता. ल्यूसियाँनं तो पुढची वीस वर्षं प्रत्येक जेवणात वाढला असता.

मी घोट घेतला. मग दुसरा. “मला तर बरी लागतेय,” मी म्हणाले, आणि सबंध ग्लास संपवला. तशी घाण मी आयुष्यात प्यायले नाही.

ल्यूसियाँनं खांदे उडवले. “दोघं शोभता एकमेकांना.”

चीज आणायच्या निमित्तानं मी रेझिसला स्वयंपाकघरात बोलावलं. ओट्यावर आमच्याकडचं मारुआल चीज उघडं होतं. त्याचा वास एवढा दांडगा, की पूर्वी रेझिस ते घरात ठेवू देत नसे, थंडीतसुद्धा बाल्कनीत ठेवायला लावायचा. हिवाळाभर ते ओट्यावरच होतं आणि तो काही बोलला नव्हता. मला वाटलं होतं, वयामुळे माणूस सुधारला.

मी दार लोटलं. “कधीपासून?”

“काय कधीपासून?”

“रेझिस, मी ती अख्खी प्यायलेय.”

त्यानं खिडकीबाहेर बघितलं. “ऑक्टोबरपासून. तो ताप आला होता ना, त्यानंतर.”

“कसलाच वास येत नाही?”

“काहीच नाही.”

“कॉफी?”

“गरम पाणी.”

“डॉक्टर?”

“म्हणाले, कधी परत येतं, कधी येत नाही. हे सांगायला एवढी वर्षं शिकतात.”

माझ्या डोक्यात मात्र भलतंच काही जुळत होतं. “म्हणजे ऑक्टोबरपासून तू माझ्या सूपात जायफळ जास्त म्हणतोयस. नाताळच्या बदकाला संत्र्याची साल कमी म्हणालास. मुलीसमोर.”

“तू जायफळ नेहमीच जास्त घालतेस.”

“तुला कळत नव्हतं.”

“अंदाज होता,” तो म्हणाला.

मला त्याला मारावंसं वाटलं. सहा महिने हा माणूस चव न कळता माझ्या हाताला नावं ठेवत होता, आणि मी गुपचूप जायफळ कमी करत होते. त्याच्या त्या बारीक ओठांकडे, नीट कापलेल्या मिशीकडे, रविवारच्या जाकिटाकडे मी बघत राहिले आणि मला कसलीच दया आली नाही.

“सांगितलं का नाहीस?”

तो म्हणाला, “दुसरं काय आहे माझ्याकडे?”

एवढं खरं वाक्य त्यानं त्या घरात पहिल्यांदाच उच्चारलं असावं. मी चीजची थाळी त्याच्या हातात दिली आणि दार उघडलं.

टेबलाशी येऊन त्यानं नकाशावर बोट ठेवलं. “शाब्लीला जाऊ. बरं आहे. तिथे फक्त पांढरी वाईन. जोझियानचे दातही रंगणार नाहीत.” मग खुर्ची ओढता ओढता म्हणाला, “आणि या वेळी गाडी मी चालवणार.”

ल्यूसियाँ हसायलाच लागला. “तू? मग पिणार कोण?”

“मारी पिईल. इतकी वर्षं अंगणात उभी राहिली आहे.”

“बाई गं,” जोझियान मला म्हणाली, “याला बरं नाही का?”

“बरा आहे,” मी म्हणाले. “चीज घे.”

मे महिन्यात आम्ही गेलो. रेझिस गाडी भयंकर चालवतो. पुढच्याला शिव्या देतो, मागच्याला शिव्या देतो, आणि वळण आलं की नकाशाला शिव्या देतो. शाब्लीच्या अलीकडे एका लहान गावात आम्ही थांबलो. तळघराची मालकीण रुंद खांद्यांची, रबरी बूट घातलेली बाई होती. तिनं चार ग्लास मांडले.

“माझा नको,” रेझिस म्हणाला. “मी चालवतोय.”

“थोडी हुंगून तर बघा. हुंगल्याला पोलीस धरत नाहीत.”

“नको, मॅडम.” त्यानं टोपी हातात घेतली. “हुंगून न पिणं मला जमत नाही.” हे त्यानं असं सांगितलं, की बाईनं मान लववली. मग तो बाहेर अंगणात गेला.

मी तळघरात उभी राहून तीन प्रकारची वाईन प्यायले. ल्यूसियाँनं थंड आहे म्हणून कौतुक केलं. जोझियाननं डोळे मिटून बघितले. मला आवडली की नाही, ते मला अजून सांगता येत नाही.

गाडीत बसल्यावर रेझिसनं समोर बघत विचारलं, “कशी होती?”

“आंबट.”

“आंबट लिंबूही असतं. नीट सांग.”

“आंबट, आणि मग… दगड धुतल्यासारखी.”

“कुठला दगड?”

“मला काय माहीत कुठला? शाळेतला फळा ओल्या फडक्यानं पुसल्यावर येतो ना, तसा वास.”

“खडू,” तो म्हणाला. “फळा नव्हे, खडू. शब्द माहीत नसतील तर माणसानं विचारावं.” पण त्यानं गाडी सुरू केली नव्हती. “आणि दुसरी? दुसऱ्या ग्लासात मध आला का मागून?”

मला आठवावं लागलं. “आला. अगदी थोडा.”

त्यानं मान हलवली आणि गाडी काढली.

रस्ता वेलींमधून चढत होता. चढावर एका शेतात छाटलेल्या फांद्या जाळत होते. रेझिसनं त्याच्या बाजूची काच पूर्ण खाली केली. वारा आत आला, नकाशा माझ्या मांडीवर फडफडायला लागला.

“आत्ता कसला येतोय?” त्यानं विचारलं.

“धुराचा.”

“नुसता धुराचा?”

मी नाक वर करून बसले. “ओल्या मातीचा. आणि कुठेतरी शेण टाकलंय.”

“काच लावा कुणीतरी,” मागून जोझियान म्हणाली. “थंडी वाजतेय.”

“गाईचं की घोड्याचं?” रेझिसनं विचारलं, आणि मी सांगेपर्यंत त्यानं गाडी हळू केली.