नदीपल्याडचा वजीर

सुंदररावाला तीस वर्षांत घोडा कळला नाही. माणूस वाईट नव्हता हो, पण नजर औतानं पाडलेल्या तासासारखी सरळ. बुद्धिबळाच्या पटावर हत्ती कुठून येतोय ते त्याला बरोबर दिसायचं, घोड्याची वाकडी उडी मात्र कधीच नाही.

वाहेदचा सगळा खेळ घोड्यावर. तो बीडात पाणी भरायच्या चामड्याच्या छागली शिवायचा, आणि दुपारी आरी बाजूला ठेवली की ओट्यावर पट मांडायचा. दर डावाला तेच. घोडा अशा घरात नेऊन बसवायचा की तिथून एका उडीत राजा, दुसऱ्या उडीत वजीर. शह लागल्यावर राजा हलवण्यावाचून गत्यंतर नाही, अन् राजा हलला की वजीर गेलाच. "एकाकडं काय बघतो बे, दोघांकडं बघ," असं दरवेळी सांगायचा आणि सुंदरराव दरवेळी चिडून मोहरी विस्कटायचा. वाहेदची बायको रहेमतबी आतून पान लावून द्यायची आणि पडद्यामागं उभी राहून बघायची. तिला खेळ येतो का, हे दोघांनीही तिला कधी विचारलं नाही.

मग एका साली बीडात उंदीर मरून पडायला लागले. गाठीचा आजार आला, म्हणजे घर सोडायचं, रानात झोपडी टाकायची, हे आता सगळ्यांना पाठ झालं होतं. सुंदररावाचं रान बिंदुसरा नदीच्या अल्याड. वाहेदचा सगळा मोहल्ला पल्याड माळावर. मधल्या वाळूत निजाम सरकारचे शिपाई, इकडचं माणूस तिकडं जायचं नाही.

रानात आल्यावर आठव्या दिवशी वच्छलाबाई गेली. सुंदररावाची बायको. काखेत गाठ आली आणि दोन दिवसांत संपलं. मूलबाळ नव्हतंच. सुंदररावानं भाकरी टाकली, बोलणं टाकलं, झोपडीच्या मेढीला पाठ लावून बसला तो बसलाच. शेजारच्यांनी हात टेकले.

अशात एका सकाळी पल्याडून वाहेदची आरोळी आली.

"सुंदरराव, पट मांड. पयली चाल तुझी."

सुंदररावानं काठावरच्या शिळेवर कोळशानं घरं आखली. चिंचोक्यांची प्यादी केली, खड्यांची मोहरी. वाहेदचा वजीर म्हणून एक लाल खडा ठेवला. रोज सकाळी काठावर यायचं, ओरडून आपली चाल सांगायची, पल्याडची ऐकायची, की झालं. शिपाई हसायचे. हसोत बापडे. उद्या चाल सांगायचीय, एवढ्यावर हा माणूस भाकरी खायला लागला होता.

मग एके दिवशी वाहेदऐवजी रहेमतबीचा आवाज आला. त्यांचा घसा बसलाय, चाल मी सांगते, म्हणाली. चाली वाहेदच्याच होत्या, तशाच खोडकर. सुंदररावानं मनाला समजावलं, घसाच तर बसलाय. शुक्रवारी पल्याड एक जनाजा निघाला. जनाजे रोजच निघत. सुंदररावानं तो लांबून बघितला आणि विचारलं काहीच नाही.

शनिवारी रहेमतबीनं चाल सांगितली. वजीर राजाच्याच ओळीत, मधे एक घर सोडून. सुंदररावानं लाल खडा ठेवला, आणि आपल्या घोड्याकडं बघितलं. एक उडी मारली की शह, आणि त्याच घरातून वजीरही माऱ्यात. तीस वर्षांत पहिल्यांदा त्याला दोन्ही एकदम दिसले. तो हसलासुद्धा. मग त्यानं लाल खड्याकडं पुन्हा बघितलं. वाहेद तापात असता, बेशुद्धीत असता, तरी त्यानं वजीर तिथं ठेवला नसता.

त्यानं घोड्याला हात लावला नाही. कोपऱ्यातलं एक प्यादं उगीच पुढं सरकवलं. घोडा हलत नाही तोवर वाहेद आहे, अशी त्यानं स्वतःची समजूत घातली. पल्याडूनही प्यादंच आलं. रविवार तसाच गेला, सोमवारही. लाल खडा होता तिथंच.

मंगळवारी रहेमतबीनं चाल सांगितलीच नाही.

"भाईसाब, घोडा उचला आता."

"कुठला घोडा?" सुंदरराव म्हणाला.

"मला बी दिसायलाय. तीस वर्षं पडद्याआडून बघितलंय मी. शुक्रवारी गेले ते. सुंदरराव एकटा हाय, डाव मोडू नको, असं सांगून गेले. तोंडानं सांगवंना मला, म्हणून वजीर तिथं ठेवला. तुमाला कळलं होतं. कावून न्हाई उचलला?"

सुंदररावानं घोडा उचलला आणि त्या घरात ठेवला. शह, म्हणाला. आवाज इतका बारीक की पाण्यापर्यंतही पोचला नसेल.

पण ती बघत होती. "राजा हलवला," तिनं सांगितलं, आणि पाठ फिरवून झोपड्यांकडं चालायला लागली.

सुंदररावानं लाल खडा उचलला. वाहेदचा वजीर त्यानं जन्मात पहिल्यांदा मारला होता. घोडा कळला रे मला, हे ज्याला ओरडून सांगायचं, तो पल्याड नव्हता. खडा मुठीत धरून तो तिथंच वाळूत बसला, आणि उद्या सकाळी उठून काय करायचं, ते त्याला काही केल्या सुचेना.