शेवटच्या क्लिपमधला हात

जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात, तशी योगिनीचीही एक खोड होती. टाइमलाइनवरची क्लिप टाकून द्यायची असली तरी ही बया डिलीट न मारता कट मारायची. ठाण्यात खोपटला तिला व्हिडिओ एडिटिंग शिकवणारे आनंदा सर सांगून सांगून थकले, की अगं, कट मारलेलं मरत नाही, पेस्ट दाबलंस की उठून बसतं. पण ऐकेल ती योगिनी कसली.

आज ते उठून बसलं होतं.

शीळफाट्याच्या नाथाशेठच्या पुतण्याचं, मयूरचं, लग्न झालेलं. हळदीला मांडव रिकामा झाल्यावर मयूरच्या विधवा आईने, शालूवहिनींनी, हळूच लेकाच्या गालाला हळद लावलेली. तीन सेकंद, नुसता हात आणि लेकाचा गाल. शेठ योगिनीच्या एडिटिंगच्या दुकानात व्हिडिओ बघायला आले आणि हळू आवाजात बोलले, "वयनीचा हात नको हलदीला. काप त्यो. आन शेवटाला माजा नाच टाक."

शेठ कधी ओरडत नाहीत. लोक त्यांना टरकून असतात ते म्हणूनच. मागे एका फोटोग्राफरने त्यांचं ऐकलं नाही, त्याचा कॅमेरा विहिरीत सापडलेला.

योगिनीने हात कट केला. मग नाच कॉपी करायला गेली, तर कीबोर्डचं झिजलेलं बटण दबलंच नाही, आणि शेवटाला पेस्ट झाला तो वहिनींचाच हात. दारात शेठचा ड्रायव्हर दगडू घाई करत होता. तिने शेवट न बघताच पेन ड्राइव्ह देऊन टाकला. संध्याकाळी चहा पिता पिता फाइल उघडली, तर शेवटाला नाचाऐवजी तो हात. सात वाजता शेठच्या घरी लग्नानंतरच्या पूजेला तो व्हिडिओ मोठ्या पडद्यावर लागणार होता, सगळ्या गावासमोर.

शेठचा फोन लागेना. तिने शेवट बदलून दुसरा पेन ड्राइव्ह भरला आणि रिक्षा पकडली. शीळफाट्याला ट्रॅफिक, अजून काय असणार. रिक्षात तिच्या डोळ्यांसमोर ती विहीर येत होती.

ती पोचली तेव्हा व्हिडिओ संपत आलेला. ती धावत लॅपटॉपपाशी गेली आणि पेन ड्राइव्ह उपटला. पडदा काळा झाला. लाइट गेली वाटतं, असं कोणीतरी म्हणालं. तिने दुसरा लावला आणि व्हिडिओ थेट शेवटावर नेला. पडद्यावर शेठ नाचले, शिट्ट्या पडल्या. स्टेजवरून शेठनी तिला मान हलवून शाबासकी दिली. वाचले रे देवा, म्हणत ती मटकन खुर्चीत बसली.

तेवढ्यात स्वयंपाकाच्या मांडवातून शालूवहिनी आल्या. व्हिडिओ चालू असताना त्या तिथूनच, कनातीआडून, स्टुलावर चढून बघत होत्या.

"पोरी," त्या हळूच बोलल्या, "माजा हात येनार होता ना गो? क्यामेरावाला बोललेला, येल म्हणून."

योगिनीने स्टेजकडे पाहिलं. पहिला पेन ड्राइव्ह तिच्या मुठीत होता, घामाने ओला झालेला. शेठ स्टेजवरून इकडेच बघत होते. भीती गेली नव्हती, उलट आता वाढलेली. तिला पळून जावंसं वाटत होतं.

"आहे," ती म्हणाली, "यात आहे. शेवटाला."

आणि शेठ बघत असतानाच तिने वहिनींसमोर मूठ उघडली.