गोदीचा परकर

मित्रांनो, मी एक जुना परकर आहे. हिरव्या खणाचा, लाल काठाचा. जुन्या वस्तू आपली गोष्ट सांगताना हळव्या होतात म्हणे. मला ते जमणार नाही. माझा राग अजून गेलेला नाही.

मला शिवलं शिवाजी पेठेतल्या पिराजी शिंप्यानं, एका चित्रपटासाठी, आठ वर्षांच्या वर्षाराणीच्या मापानं. माप देताना ती एका जागी उभी राहीना. पिराजी हसत तिच्या वडिलांना म्हणाला, "कृष्णातराव, पोरगी वाढत्या अंगाची हाय. आत चार बोटं जादा दुमडून ठेवतो. शूटिंग झाल्यावर बी घालंल की." किती भल्या मनानं ठेवली होती त्यानं ती चार बोटं!

शूटिंग गारगोटीजवळच्या एका खेड्यात होतं. वर्षाराणी झाली होती गोदी. गोदीची आई तिला सोडून जाते, आणि गोदी उंबऱ्यावर बसून रडते, असा प्रसंग होता. पण वर्षाराणीला रडू येईना. डोळ्यांत औषध घातलं, तरी ती खुदकन हसायची. पाच वेळा असं झाल्यावर दिग्दर्शक साहेब तिच्यासमोर उकिडवे बसले आणि हळू आवाजात म्हणाले, "बाळ, घरून फोन आला होता. तुझ्या आईला गाडीनं उडवलंय. काही खरं नाही म्हणतात."

तिनं वडिलांकडं पाहिलं. कृष्णातला सगळं ठाऊक होतं. त्यानं मान खाली घातली.

वर्षाराणीनं दोन्ही मुठींत मला गच्च धरलं आणि जो हंबरडा फोडला, तो माझ्या धाग्याधाग्यात आजही आहे. कॅमेरा चालू होता. कट झाल्यावर सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग साहेबांनी तिला चॉकलेट दिलं आणि सांगितलं, "गंमत केली गं!"

गंमत! त्यानंतर दोन वर्षं आई बाजाराला निघाली, की ही पोर दारात उभी राहायची आणि आई परत येईपर्यंत हलायची नाही. वर्तमानपत्रांनी मात्र लिहिलं, 'गोदीचे अश्रू अगदी खरे वाटतात.' वाटतात? अहो, खरेच होते ते!

चित्रपट गाजला. वर्षाराणीला बक्षीस मिळालं, कृष्णातला मान मिळाला. गणेश मंडळं, दुकानांची उद्घाटनं, शाळांची संमेलनं, सगळीकडं तो मला तिच्या अंगावर चढवून तिला न्यायचा. लोक ओरडायचे, "गोदे, रड की!" आणि ती रडायची. दरवर्षी आई माझी दुमड एकेक बोट उसवायची. बाराव्या वर्षी ती संपली. मग मला खाली दुसऱ्याच कापडाची पट्टी जोडली. कृष्णात पोरीच्या ताटातली भाकरी काढून घ्यायला लागला. "उंची वाढली, अंग भरलं, तर संपलंच की समदं," म्हणायचा. वाढणं हा जणू तिचा गुन्हाच होता! आणि लोकांपुढं तिला लहान दाखवायला मला पुढं केलं जात होतं. परकराला पाय नसतात, नाहीतर मी कधीच पळून गेलो असतो.

चौदाव्या वर्षी पेठ वडगावच्या एका मंडपात ती उभी राहिली. माझी लांबी तिच्या पोटऱ्यांपर्यंतच येत होती. पुढच्या रांगेतली पोरं शिट्ट्या मारत होती. निवेदक म्हणाला, "आता गोदी रडून दाखवणार!" तिनं माईक हातात घेतला. "मला रडायचं न्हाय," एवढंच म्हणाली आणि खाली उतरली. घरी येऊन तिनं मला पत्र्याच्या ट्रंकेत कोंबलं. कृष्णात तिच्याशी चार महिने बोलला नाही.

मी दहा वर्षं ट्रंकेत पडून होतो. वर्षाराणी कॉलेजात नाटकं करत होती, मालिकांत बारीकसारीक कामं मागत होती. कुठंही गेली तरी तेच. "अय्या, तू गोदी ना? केवढी मोठी झालीस!" असं म्हणत, आणि काम मात्र दुसरीला देत.

मग त्याच साहेबांचा फोन आला. नव्या चित्रपटात मोठी झालेली गोदी तिनं करायची होती. लहानपणीच्या प्रसंगांसाठी दुसरी मुलगी होती, विद्याश्री, सात वर्षांची. "तो जुना परकर घेऊन ये," साहेब म्हणाले.

जोडलेली पट्टी काढून, जुनी दुमड पुन्हा घालून मी विद्याश्रीच्या अंगावर चढलो. पुन्हा उंबरा, पुन्हा कॅमेरा, आणि पुन्हा रडू येईना. साहेब तिच्यासमोर उकिडवे बसले. "बाळ, तुझ्या पप्पांचा फोन..."

"साहेब!" वर्षाराणी कॅमेऱ्याच्या आडवी आली. "एक शब्द पुढं बोलायचा न्हाय."

"अगं, मुलांकडून असंच काम काढून घ्यावं लागतं. त्याच अश्रूंनी तुला नाव मिळवून दिलं."

"नाव गोदीला मिळालं. माझं नाव काय, सांगा बघू."

"गोदी, ऐक..."

"बघा!" ती एवढ्या जोरात ओरडली, की विद्याश्री दचकून तिला बिलगली. "पोरगी न्हाय ही, नळ वाटतीय व्हय तुम्हाला? पिळला की पाणी?"

कोपऱ्यात बसलेली विद्याश्रीची आई उठली. तिनं तिथंच मला लेकीच्या अंगावरून उतरवलं, तिला तिचा फ्रॉक चढवला आणि तिला घेऊन बाहेर पडली.

वर्षाराणीचं काम गेलं. घरी कृष्णात म्हणाला, "जरा गप बसायचं हुतंस."

"त्या दिवशी तुम्ही गप का बसला, पप्पा?"

त्यानं भिंतीकडं तोंड फिरवलं. "भ्यालो गं," तो म्हणाला. "साहेब मोठा माणूस. वाटलं, हातचं काम जाईल तुझं." तिनं त्याला माफ केलं की नाही, मला माहीत नाही. मी तरी केलेलं नाही.

आता वर्षाराणी एका नाटकात वकीलबाई होते. जाहिरातीवर तिचं पूर्ण नाव छापतात. एका संग्रहालयानं मला काचेत ठेवायला मागितलं होतं. तिनं नकार दिला आणि कात्रीनं माझे दोन तुकडे केले. मित्रांनो, मला जपा, असं मी तुम्हाला सांगणार नाही. कापडाला काही होत नाही. तुमच्यातल्या कुणाला मोठ्या माणसांनी खोटं बोलून रडवलं, तर घरी येऊन मोठ्यानं सांगा. आणि मोठ्यांनो, तेव्हा मान खाली घालू नका.

मी आता तिच्या स्कूटरचा फडका आहे. रोज सकाळी ती माझ्यानं सीट पुसते, मला डिकीत टाकते आणि तालमीला निघते.