पाभरीमागचा माणूस

"जरा गप बस," नाथाजी म्हणाले, "माझा अंदाज चाललाय."

राहीबाई गप बसल्या. गोकुळअष्टमीचा उपास होता, बोलायला तशीही ताकद नव्हती. दिवसभर भुरभुर पाऊस लागला होता आणि अंधार पडल्यावर ईशान्येकडचं आभाळ अचानक मोकळं झालं होतं. कोरेगावात ऑगस्ट महिन्यात अशी उघडीप म्हणजे लॉटरीच. नाथाजी अंगणात बाजेवर उताणे पडले होते, शेजारच्या घरातल्या बल्बाला डाव्या हाताचा आडोसा धरून.

त्यांचा एक तारा होता. त्यांचा म्हणजे वृषपर्वा तारकासमूहातला. पण दहा वर्षं ज्याला रोज पाहिलं तो आपलाच म्हणायचा. हा तारा पाच-सहा दिवसांत उजळतो, मंदावतो, पुन्हा उजळतो. अशा ताऱ्यांना रूपविकारी म्हणतात. त्याच्या शेजारचे दोन तारे मात्र आहेत तेवढेच राहतात. आज आपला तारा त्यातल्या मोठ्याच्या जवळ आहे की धाकट्याच्या, हे नुसत्या डोळ्यांनी ताडायचं आणि टिपून ठेवायचं. एवढंच काम. पण त्या वेळी कुणी बोललं की सगळं फिसकटतं, असा नाथाजींचा दावा होता.

"न्हाई, पर मी काय म्हंते," राहीबाई थोड्या वेळानं म्हणाल्याच, "आज पाभरीमागं मानूस हुबा ऱ्हायलाय बगा."

"विमान असंल."

"विमान एका जागी हुबं ऱ्हातंय व्हय?"

"अगं, गप बस म्हनलं ना."

नाथाजींनी मान वळवली नाही. त्यांचा अंदाज पुरा झाला तोवर ढग पुन्हा दाटून आले. समाधानानं ते बाज उचलून आत गेले.

हा नाद त्यांना पासष्ट साली लागला. त्या वर्षी पहाटे शेपटीचा तारा, म्हणजे धूमकेतू, दिसायचा आणि सगळं कोरेगाव उठून बघायचं. तारा गेला, गाव पुन्हा पहाटेचं झोपायला लागलं, नाथाजी तेवढे जागे राहिले. सांगलीच्या कॉलेजात फिजिक्स शिकवणारे बाळासो नावाचे एक तरुण प्राध्यापक अशा हौशी लोकांच्या नोंदी गोळा करून पुढं वेधशाळांकडं पाठवायचे. त्यांनी नाथाजींना हा तारा नेमून दिला. तेव्हापासून बायको अंगणात धान्य पाखडत बसायची आणि नवरा आभाळ पाखडत.

नोकरी कोर्टातली. साक्षीदार पिंजऱ्यात उभा राहून बोलायचा आणि नाथाजी त्याची जबानी लिहायचे. कुणी बांध कोरताना पाहिलेलं, कुणी कुऱ्हाड उगारताना पाहिलेलं, कुणी काहीच न पाहिलेलं. लिहून झालं की वाचून दाखवायचं, "बरोबर?" म्हणून विचारायचं आणि सही किंवा अंगठा घ्यायचा. उभा जन्म दुसऱ्यांनी पाहिलेलं लिहिण्यात गेला. बाबा रे, तू काय पाहिलंस, असं त्यांना कधी कुणी विचारलं नाही. गेल्या वर्षी ते निवृत्त झाले. निरोपाच्या हाराची फुलं सुकायच्या आत त्यांनी मनाशी ठरवलं, की आता एकच मागणं. कधी कधी आभाळात जिथं काहीच नव्हतं तिथं एकदम तारा दिसायला लागतो, नवतारा. तसा एखादा आपल्याला दिसावा, सगळ्यांच्या आधी दिसावा. मग निदान एका गोष्टीपुरते का होईना, आपण साक्षीदार होऊ.

शनिवारी दहीकाल्याला धो धो पाऊस लागला. रविवारी संध्याकाळी पुन्हा उघडलं. नाथाजींनी बाज टाकली, सवयीनं वर नजर फिरवली आणि हंसाच्या शेपटीपाशी ती अडखळली. शेपटीच्या ठळक ताऱ्यामागं आणखी एक तारा होता. चांगला ढळढळीत. त्यांनी डोळे पुसले, नकाशा आणला, डोळे दिपू नयेत म्हणून बॅटरीवर तांबडा कागद लावून ताडून पाहिला. नकाशात त्या जागी काही नव्हतं.

"अगं, भाईर ये," त्यांनी हाक मारली. आवाज त्यांचा त्यांनाच ओळखू येईना. "नवा तारा घावलाय मला."

राहीबाई पीठ लागलेले हात पुसत आल्या. त्यांनी वर पाहिलं.

"ह्यो व्हय? ह्यो अष्टमीलाच हुता की. तवा जरा बारीक हुता. मी म्हनलं न्हवं तुमास्नी?"

"काय म्हनलीस?"

"पाभरीमागं मानूस हुबा हाय म्हून."

हंस तारकासमूहात राहीबाईंना हंस कधी दिसलाच नव्हता. त्यांच्या माहेरी आकाशात पेरणीची पाभर होती. पुढं लांब दांडी, मागं आडवं लाकूड. पाभर आहे आणि ती धरायला मागं कुणी नाही, हे त्यांना लहानपणापासून खटकायचं. त्या रात्री कुणीतरी येऊन उभं राहिलं, म्हणून त्यांनी सांगितलं. आणि ज्यानं त्याच्यासाठी जन्माची आस धरली होती, तो हाताच्या अंतरावर पडून भलत्याच ताऱ्याकडं बघत होता. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तो हाच.

नाथाजींना त्या क्षणी बायकोचा राग आला, हे सांगितलं पाहिजे. शरम नंतर आली. आधी रागच आला, की हिला दिसायचं काय कारण होतं.

सोमवारी त्यांनी सांगलीला तार केली. उलट टपाली बाळासोंचं पत्र आलं. नवतारा खराच होता, पण शुक्रवारीच जपानात तो पाहिला गेला होता आणि आता साऱ्या जगाला ठाऊक झाला होता. "तरी तुमची रविवारची नोंद मोलाची आहे," बाळासोंनी लिहिलं होतं, "आपल्याकडं इतर सगळीकडं ढग होते. आणखी एक. शुक्रवारी संध्याकाळी तारा अजून उजळत चालला होता. त्या वेळी तो किती उजळ होता, हे जाणकारांना हवं आहे. तुमच्या भागात त्या दिवशी कुणाच्या नजरेस पडला होता का?"

नाथाजींनी ते पत्र दोन दिवस सदऱ्याच्या खिशात घालून फिरवलं. जेवण जाईना. तिसऱ्या दिवशी त्यांनी एक कार्ड टाकलं. "शुक्रवारी आमच्या घरातून पाहिला आहे. येऊन तपासावे." आपण काय करत होतो, ते त्यात लिहिलं नाही.

बाळासो रविवारी दुपारच्या पॅसेंजरनं आले. तारा तोवर इतका मंदावला होता, की साध्या डोळ्यांना दिसला तर दिसला. बाळासो सोप्यात घोंगडीवर बसले, राहीबाई उंबऱ्याशी. जबानी लिहायला अर्थातच नाथाजी. कोरा कागद पुढं आल्यावर त्यांना जरा बरं वाटलं.

"काकू, कुठल्या दिवशी दिसला?" बाळासोंनी विचारलं.

"अष्टमीला. उपास हुता मला. दुसऱ्या दिशी काला झाला, तवा लय पाऊस लागला."

"वेळ?"

"घड्याळ कोन बगतंय? शेजारी रेडिवोवर शेतीचं संपून गानी लागली हुती."

"आणि दिसला कुठं?"

राहीबाई उठल्या आणि त्यांनी सूप आणलं. एक टपोरा हरभरा ठेवला, तो हंसाच्या शेपटीचा तारा. मग ज्वारीच्या दाण्यांची दांडी मांडली, आडवं लाकूड मांडलं. त्यातला एक दाणा चांगला दोन बोटं चुकला होता. त्यांची पाभर जरा वाकडीच होती. पण हरभऱ्याच्या मागं त्यांनी जो दाणा ठेवला तो बाळासोंनी नकाशाशी ताडला आणि ते सरसावून बसले.

"हा मधल्याएवढा होता, नाही का काकू?"

"बाळासो," नाथाजींनी लेखणी उचलली, "साक्षीदाराच्या तोंडात उत्तर घालायचं न्हाई. किती मोठा होता, एवढंच विचारा."

बाळासो हसले. "बरं. किती मोठा होता?"

राहीबाईंनी बराच वेळ सुपाकडं पाहिलं. "ह्या मधल्यापरीस बारीक. ह्या कडंच्याएवढा. त्याच्यात आन् ह्याच्यात कायबी फरक न्हवता."

बाळासोंनी जवळचा एक कागद काढून पाहिला. जपानातल्या आकड्यांशी ते जुळत होतं. पण लगेच त्यांनी कागद घडी करून ठेवला.

"एकच अडचण आहे. मंगळवारी हे पेपरात आलं. उद्या कुणीही म्हणेल, नंतर पाहिला आणि आधीची तारीख सांगितली. काकू, त्या रात्री तुम्ही कुणाला सांगितलं होतं का? त्याच वेळी?"

राहीबाईंनी नवऱ्याकडं पाहिलं नाही. सूप जरा सरळ केलं.

"न्हाई. कुनाला सांगायचं? घरात कोन हुतं?"

"तात्या कुठं होते?" बाळासोंनी नाथाजींकडं मान वळवत विचारलं.

"ह्ये व्हय? देवळात गेल्ते. कीर्तनाला."

नाथाजी कीर्तनाला आल्याचं कळलं असतं, तर बुवाच कीर्तन थांबवून बघायला आले असते. पण नाथाजींच्या हातानं ते लिहिलं. साक्षीदार बोलेल ते हात लिहीत जायचा, ही जुनी खोड. "यजमान कीर्तनास गेले होते." पूर्णविराम दिला आणि मग हात थांबला. खोट्या जबान्या त्यांनी पोत्यानं लिहिल्या होत्या. भावासाठी, जमिनीसाठी, दारूच्या एका बाटलीसाठी लोकांनी दिलेल्या. आपल्यासाठी कुणी खोटं बोलल्याची ही पहिलीच वेळ.

"मग हे पुढं पाठवता येणार नाही," बाळासो हळहळून म्हणाले. "आधार नाही. काकूंचा शब्द मला पुरे आहे हो, पण पुढच्यांना पुरणार नाही. असू दे. तात्या, तुमची रविवारची नोंद मी तुमच्या नावानं पाठवतो. या सगळ्या पट्ट्यातून तेवढी एकच आहे."

राहीबाईंच्या चेहऱ्यावर सुटल्यासारखं झालं. "झालं तर मग," त्या म्हणाल्या, "च्या टाकते."

"थांब," नाथाजी म्हणाले.

त्यांनी लिहिलेली शेवटची ओळ खोडली, बाजूला आद्याक्षरं घातली आणि कागद, लेखणी दोन्ही बाळासोंपुढं सारली.

"आता तुम्ही लिवा. दुसरा साक्षीदार हाय."

"कोण?"

नाथाजी उठून उभे राहिले. उभं राहायचं काही कारण नव्हतं, सोपा आपलाच होता. "नाव नाथाजी आबाजी फाळके. वय एकोणसाठ. धंदा, पेन्शनर."

"तात्या, मला माहीत आहे की ते."

"लिवा."

"आवं, कशाला?" राहीबाई कळवळून म्हणाल्या. "हात दाकवून अवलक्षण कशापायी? लोकं काय म्हंत्याल?"

"एका साक्षीदाराची साक्ष चालू असताना दुसऱ्यानं मधी बोलायचं न्हाई," नाथाजी म्हणाले. मग बाळासोंकडं वळून सावकाश, लिहिणाऱ्याला सवड देत बोलू लागले. "मी कीर्तनाला गेलो नव्हतो. मी अंगणात होतो. माझी बायको तीन हातांवर बसली होती. आठच्या सुमारास ती मला म्हणाली, पाभरीमागं माणूस उभा राहिलाय. तेव्हा कुठल्या पेपरात काही आलं नव्हतं. रेडिओवर नव्हतं. मी म्हणालो, विमान असंल. ती म्हणाली, विमान एका जागी उभं राहत नाही. मी तिला गप बस म्हणालो."

बाळासोंची लेखणी थांबली. "तात्या, एवढं पुरे. काकूंनी सांगितलं आणि तुम्ही ऐकलं, आधार झाला. पुढचं नको लिहायला."

"पुढचं विचारा."

बाळासोंनी खाली कागदाकडं बघतच विचारलं, "तुम्ही वर बघितलंत?"

"न्हाई."

"का?"

नाथाजींना या प्रश्नाचं उत्तर दहा प्रकारांनी देता आलं असतं. अंदाज चालला होता, हे खरं होतं. ढग येतील म्हणून घाई होती, हेही खरं. आठवडाभर त्यांनी स्वतःला हीच उत्तरं दिली होती.

"ती सांगत होती म्हणून," ते म्हणाले. "दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर बघितलं असतं."

बाहेर रस्त्यावरून उसाच्या बेण्याची बैलगाडी गेली, तिच्या चाकांचा आवाज लांबपर्यंत येत राहिला. बाळासोंनी ते वाक्य लिहिलं. निरीक्षक म्हणून वरती राहीबाई नाथाजी फाळके असं नाव घातलं आणि मग रीतीप्रमाणे सगळं वाचून दाखवलं. दुसऱ्याच्या तोंडून, शुद्ध भाषेत, आपलंच बोलणं ऐकताना नाथाजी खाली मान घालून उभे होते.

"बरोबर?" बाळासोंनी विचारलं.

"बरोबर हाय."

त्यांनी वाकून सही केली. राहीबाईंनी चहा टाकला नव्हता. त्या उंबऱ्याशीच पाठमोऱ्या बसून सुपातले दाणे निवडत होत्या, आणि त्यात निवडण्यासारखं काही नव्हतं.