एका मतदाराचा साथीदार

धम्मशीलानं कागद टेबलावर फिरवून अर्जुनरावांपुढे सरकवला आणि सहीच्या जागेवर बोट ठेवलं. अर्जुनरावांनी तो वाचला नाही. चष्मा खिशातच राहिला, पेन तेवढं निघालं आणि लांब शेपटीची सही उमटली.

"झालं?"

"झालं. न्या आजींना."

नव्वदीच्या आईचा, जनकाबाईंचा, दंड धरून ते पुठ्ठ्याच्या आडोशामागे गेले. यंत्र वाजलं. सकाळचे साडेसात झाले होते. त्या कागदावर छापलेलं होतं की आंधळ्या-अपंग मतदाराच्या साथीदाराला दिवसभरात एकाच मतदाराला मदत करता येते. ती ओळ वाचून दाखवायला केंद्राध्यक्षाला कितीसा वेळ लागतो? केंद्राध्यक्ष धम्मशीलाच होती; तिनं ती वाचली नाही. यादीत जनकाबाईंच्या खालीच पुष्पाबाईंचं नाव होतं. अर्जुनरावांच्या बायकोला साखरेच्या आजारानं दिसत नाही, हे कोतवालानं कालच बोलता बोलता सांगितलं होतं.

सहा वर्षांपूर्वी अशीच एक सही झाली होती. तेव्हा अर्जुनराव जिल्हा परिषदेत शिक्षण सभापती होते. त्यांच्या सत्काराला आपल्या शाळेची पोरं उन्हात उभी करणार नाही, असं धम्मशीला म्हणाली, आणि आठवड्यात चिखलीहून थेट सोनाळ्याला तिची बदली झाली. नवरा, चंद्रशेखर, दवाखान्यात होता. रजेवर रजा मागितली. ती मंजूर झाल्याचा कागद आला, तेव्हा चंद्रशेखर गेला होता आणि त्याच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम उरकूनही एक दिवस झाला होता. त्या दिवसापासून जात्यात मूठ मूठ दाणा टाकावा तसा तिनं राग टाकत आणला होता. घरघर कुणाला ऐकू गेली नाही. पीठ मात्र पडत राहिलं.

दुपारी तीनला अर्जुनराव पुष्पाबाईंना घेऊन आले. डोक्यावरून पदर, उन्हाकडे वळवलेला चेहरा. निवृत्तीनं, पहिल्या मतदान अधिकाऱ्यानं, यादीत नाव शोधून मोठ्यानं वाचलं.

"आना तो कागद," अर्जुनराव म्हणाले. "सई करतो."

"तुम्हाला नाही करता येणार. सकाळी आईंचे साथीदार झालात तुम्ही. एका माणसाला एकच मतदार."

"हे काय नवीन काढलं?"

"सकाळी तुम्ही सही केली, त्याच कागदावर आहे."

"मंग तवाच काऊन नाही सांगतलं?"

"वाचाल असं वाटलं."

उमेदवारांच्या प्रतिनिधींच्या बाकावर कुणीतरी खोकल्यात हसू दाबलं. अर्जुनरावांचा पुतण्या या निवडणुकीत उभा होता आणि गावातलं एक एक मत त्यांनी बोटावर मोजून ठेवलं होतं. त्यातलं सगळ्यात हातचं मत पुढ्यात खुर्चीवर बसलं होतं. ते तरातरा बाहेर गेले. शंभर मीटरची चुन्याची रेघ ओलांडल्याशिवाय फोन लावता येत नव्हता, म्हणून ती ओलांडून शिक्षणाधिकाऱ्यांना लावला. परत आले तेव्हा कान लाल झाले होते.

"काय म्हनले सायेब?" निवृत्तीनं अगदी साळसूदपणे विचारलं.

"म्हनते, आजच्या दिवस बाई आमच्या नाहीत, आयोगाच्या हायेत. अन् पगार कोन देते यायचा? आयोग देते का?" मग ते टेबलावर वाकले. आवाज उतरला. "उद्या तर आमच्याच हा ना तुमी? कोनत्या गावच्या?"

"सोनाळ्याला आहे. चिखलीहून."

"लय दूर फेकलं बा तुमाले."

"हो. तुम्हीच फेकलं."

अर्जुनरावांनी तिच्याकडे पाहिलं. आठवायचा प्रयत्न त्यांच्या कपाळावर दिसला, आणि मग तो सोडून दिल्याचंही दिसलं. सहा वर्षांत धम्मशीलानं हा क्षण कितीतरी तऱ्हांनी मनात रंगवला होता. त्यांना आपलं नावही आठवणार नाही, ही एक तऱ्हा राहून गेली होती.

"जाऊ द्या," ते म्हणाले. "गोपालले बलावतो. पोरगा हाय आपला. तो करन सई."

"चालेल," धम्मशीला म्हणाली. नियमात ते बसत होतं. तिच्या सुडाचा घोट अर्ध्यावरच संपला.

"कोनी नाही पाहिजे मले."

खुर्चीवरून पहिल्यांदाच आवाज आला होता.

"काय म्हनली?" अर्जुनराव म्हणाले.

"दिसत नाही, पन बटन त मोजता येते. कितवं कोनाचं, ते सांगा बाई."

धम्मशीलानं उमेदवारांचं नमुना पत्रक उचललं. सगळ्या प्रतिनिधींसमोर वरपासून खालपर्यंत अकरा नावं वाचली. कुठं आवाज चढवला नाही, कुठं उतरवला नाही. शेवटी 'यांपैकी कोणीही नाही' हेही वाचलं. प्रत्येक नावाला पुष्पाबाईंचा अंगठा एकेका पेरावरून पुढे सरकत होता, ओवीमागून ओवी मोजावी तसा.

"पुन्हा वाचू?"

"नका. राह्यलं ध्यानात."

शिपायानं त्यांना आडोशापर्यंत नेऊन सोडलं. आतून बराच वेळ काहीच आवाज नाही. अर्जुनराव दाराशी एका पायावरून दुसऱ्या पायावर होत होते. "चवथं..." एवढं त्यांच्या तोंडून निघालं आणि दारावरच्या पोलिसानं त्यांच्या छातीपुढे हात आडवा धरला.

यंत्र वाजलं. लांब, एकसुरी.

पुष्पाबाई बाहेर आल्या. त्यांनी घाम पुसला आणि पदर सारखा केला.

"कोनतं दाबलं?" अर्जुनरावांनी जवळजवळ कानातच विचारलं.

"वाजलं ना? मंग झालं."

"अवं, पन कोनतं?"

"बाई," पुष्पाबाई धम्मशीलाच्या दिशेनं म्हणाल्या, "घरच्याले सांगा लागते का हे?"

"कुणालाच सांगावं लागत नाही."

"कधीच?"

"कधीच."

"चाळीस सालं यायनंच ठरोलं माह्यं मत," पुष्पाबाई म्हणाल्या, कुणाला सांगतात ते न कळेल अशा आवाजात. "डोये होते तवाबी."

अर्जुनरावांनी त्यांचा दंड धरायला हात पुढे केला. दंड तिथे नव्हता. पुष्पाबाईंनी भिंत चाचपली, बोटं तिच्यावरून सरकवत त्या व्हरांड्यात गेल्या, आणि मागून अर्जुनराव. पायऱ्यांपाशी त्यांनी पुन्हा विचारलेलं आत ऐकू आलं. रस्त्यावरूनही एकदा ऐकू आलं.

धम्मशीलानं त्या दिशेला कान लावला होता. उत्तर येत नव्हतं.

"बाई," निवृत्ती म्हणाला, "पुढचा घेऊ का?"