तक्क्यातली आफ्रिका

तक्क्यात रेकॉर्डी होत्या, ही गोष्ट यज्ञेश्वररावांनी एरवी जन्मात कुणाला सांगितली नसती. पण चेकवर सही करताना ते दोनदा अडले, सुनेला, म्हणजे ऋचाला, दोनदा रत्नप्रभा म्हणून हाक मारून बसले, आणि त्यांच्या पत्नीला, रत्नप्रभाबाईंना, जाऊन तीन वर्षं झाली होती. घरात कुजबुज सुरू झाली. तिला उत्तर म्हणून त्यांनी आपल्या स्मरणशक्तीचा सगळ्यात भक्कम पुरावा बाहेर काढला, आणि तोच त्यांच्या अंगाशी आला.

"ऐंशी साल," त्यांनी मुलाला, सलीलला, ऐकवलं. "झांबियातली मास्तरकी संपवून मी पुसदला परत आलो. सोबत सात रेकॉर्डी, आफ्रिकन जॅझच्या. तुझ्या आजोबांनी फर्मान काढलं, मुली सांगून येताहेत, हा धांगडधिंगा घराबाहेर गेला पाहिजे. मग मी गफ्फारकडून त्या बैठकीच्या एका तक्क्यात शिवून घेतल्या. तुझे वकील आजोबा त्यालाच टेकून पक्षकारांना कायदा सांगत."

सलील हसला असता तर बरं झालं असतं. तो हसला नाही. त्याने माळ्यावरचे आठही तक्के खाली काढून उसवले. घरभर कापूस उडाला, रेकॉर्ड काही निघाली नाही. दुसऱ्याच दिवशी त्याने नागपूरच्या डॉक्टरांची गुरुवारची वेळ घेतली.

यज्ञेश्वरराव वरवर चिडले, पण आतून त्यांची पाचावर धारण बसली होती. त्यांच्या आईने शेवटच्या वर्षांत, माझ्या पाटल्या विहिरीत पडल्यात, असं सांगून दोनदा विहीर उपसायला लावली होती. त्या माउलीकडे पाटल्या कधी नव्हत्याच. आता रेकॉर्डीही नव्हत्याच असं ठरलं, तर झांबियातली ती शनिवारची संध्याकाळ तरी खरी कशावरून? शाळेमागच्या क्लबात ट्रम्पेट वाजायचा, मागून गिटार यायची, नाचणाऱ्यांच्या पायांची धूळ दिव्यापर्यंत चढायची आणि गणिताचे तरुण मास्तर भिंतीला टेकून, ताल चुकवत, टाळ्या वाजवायचे. ते सगळं आपण मनानेच रचलं असेल का? रात्रंदिवस हा एकच प्रश्न त्यांना कुरतडत होता.

"बुधवारी मला फुलसावंगीला ने," ते ऋचाला म्हणाले. "गफ्फार सांगेल."

गफ्फार म्हणजे त्यांचा शाळेपासूनचा मित्र. पुसदला त्याचं कापूस पिंजायचं आणि गाद्या भरायचं दुकान होतं. ते गुंडाळून तो सासुरवाडीला, फुलसावंगीला, जाऊन राहिला, त्यालाही तीस वर्षं होऊन गेली होती. यज्ञेश्वरराव झांबियाहून आल्यावर पाटबंधारे खात्यात लागले, बदल्यांमागे गावोगाव फिरले आणि निवृत्तीनंतर पुसदला परतले. भेट व्हायची ती कुणाच्या लग्नात, नाहीतर मयतीत. पंचेचाळीस किलोमीटरवरच्या मित्राकडे आपण एकदाही मुद्दाम गेलो नाही, याची लाज त्यांना गाडीत बसल्यावर वाटली.

गफ्फार ओसरीत खाटेवर बसला होता. "अबे यज्ञ्या!" म्हणत उठला आणि गळ्यातच पडला. त्याच्या बायकोने, हुस्नाबींनी, चहा आणला. ऋचाची विचारपूस झाली, गुडघ्यांची झाली, कपाशीच्या भावाची झाली. मग यज्ञेश्वररावांनी छातीवर दगड ठेवून विचारलं, "गफ्फार, त्या रेकॉर्डी आठवतात का तुले? माझ्या?"

"कोणत्या रेकॉर्डी?"

"आफ्रिकेच्या. तक्क्यात शिवल्या होत्या तू."

"मले नाई मालूम," गफ्फार म्हणाला. "तक्क्यात कोणी रेकॉर्डी भरते का बे? तक्क्यात कापूस भरते."

"नीट आठव ना."

"नाई म्हणतो ना! काहून इचारून राह्यला सारखा?"

ऋचाने मान खाली घातली आणि हळूच सासऱ्यांच्या हातावर हात ठेवला. ती दया यज्ञेश्वररावांना डॉक्टरपेक्षा जड गेली. संपलं, त्यांना वाटलं. आईची विहीर आपल्याही घरी आली. ते उठले, निघतो म्हणाले आणि ओसरीच्या पायरीशी वहाणा शोधू लागले.

वहाण पायात सरकवताना त्यांनी एकदा वर पाहिलं. गफ्फार त्यांच्याकडे डोळे वटारून बघत होता, आणि दोन बोटांनी स्वतःच्या गळ्याची कातडी ओढत होता. लहान पोरं शपथ घालताना ओढतात, तशी.

यज्ञेश्वरराव जागच्या जागी थांबले. पुसदचं दुकान त्यांच्या डोळ्यांपुढे उभं राहिलं. हवेत तरंगणारा कापूस, गफ्फारच्या हातातला दाभण, आणि त्याचा मोकळा हात धरून आपण आपल्याच गळ्यावर ठेवलेला. 'माझ्या गळ्याची शपथ. कोणीही विचारलं, मी स्वतः चारचौघांत विचारलं, तरी सांगायचं नाही.' आपल्याकडे शपथ शिळी होत नाही. घालणारा 'सुटली' म्हणेपर्यंत ती तशीच राहते, आणि मोडली तर ज्याच्या गळ्याची, तो जातो. लग्न झालं, बदली झाली, वडील वारले, आणि 'सुटली' म्हणायचं यज्ञेश्वरराव साफ विसरून गेले होते.

"गफ्फार," ते म्हणाले, "शपथ सुटली."

"किती टाइम लावतं बे!" गफ्फार खाटेवरून ओरडलाच. "पंचेचाळीस वर्सं झाले तुया गळा सांभाळून राह्यलो! पोरीसमोर इचारतं, अन् वरून मलेच म्हणतं, नीट आठव! मी बोललो असतो अन् तू मेला असता तं?"

यज्ञेश्वरराव पायरीवरच बसले. एक वहाण पायात, एक हातात. आणि बहात्तर वर्षांचा तो माणूस सुनेदेखत ढसाढसा रडला. मेलो नाही, वेडा झालो नाही, सगळं खरं होतं, एवढंच त्यांच्या मनात फिरत होतं. ऋचाही डोळे पुसत होती, आणि पुसता पुसता हसत होती.

"तुयाच बापानं चौऱ्याऐंशीत तक्के पिंजाले धाडले," ट्रंक ओढून आणत गफ्फार सांगू लागला. "तू तवा गडचिरोलीले. म्हातारा दुकानातच बसला होता, त्याची नजर चुकवून काढल्या. तवापासून तू आज इचारशील, उद्या इचारशील, म्हणून वाट पाहून राह्यलो."

"या यांच्या व्हय?" हुस्नाबी कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "मले तं म्हणे, बँडवाल्याच्या हायेत, तो येऊन घेऊन जाईन. कोणता बँडवाला चाळीस वर्सं येत नाही, म्हणून मी इचारलं, तं माह्यावरच खेकसला!"

ट्रंकेत गोधड्यांखाली पिंजलेल्या कापसाच्या थरात सातही रेकॉर्डी आडव्या होत्या. शेजारी जुना प्लेअर होता. यज्ञेश्वररावांनी त्याच्याकडे पाहिलं, तसा गफ्फार ओशाळला. "शपथ न सांगाची होती," तो म्हणाला. "न ऐकाची थोडीच होती."

त्याने सुई टेकवली. आधी खरखर आली, मग गिटार, आणि तिला बाजूला सारून ट्रम्पेट उसळला. कोंबड्या अंगणातून पळाल्या. यज्ञेश्वररावांचा हात आपसूक मांडीवर पडू लागला, ताल चुकवत, पूर्वीसारखाच. गफ्फारचा मात्र एकही ठोका चुकत नव्हता. इतकं ऐकलं होतं पठ्ठ्याने.

ऋचा कव्हर हातात घेऊन बघत होती. पिवळ्या सदऱ्यातला एक माणूस त्यावर गाल फुगवून उभा होता. "बाबा, ही कुठल्या गावात घेतली होती तुम्ही?" तिने विचारलं.

यज्ञेश्वररावांनी आठवून पाहिलं. दुकान आठवलं, दुकानदारीण आठवली, गावाचं नाव काही येईना. गेले सहा महिने अशा वेळी ते काहीतरी ठोकून द्यायचे आणि घाम पुसायचे.

"नाही गं आठवत," ते आरामात म्हणाले, आणि गफ्फारला त्यांनी दुसरी बाजू लावायला सांगितली.