आकडीचा मोडलेला तुकडा

मित्रांनो, मला पाहून तुम्ही म्हणाल, ही तर आंबे काढायची आकडी! पण मी आफ्रिकेतल्या एस्वातिनी देशाच्या डोंगरांवर पाइनच्या झाडांची सुयांसारखी पानं काढते. माझे चारही तुकडे जोडले की मी शेंड्याजवळच्या, उन्हातल्या डहाळीपर्यंत पोचते. तिथल्या यंदाच्या सुया प्रयोगशाळेत वाळवून दळतात. त्यांत नत्र किती, स्फुरद किती हे कळलं की त्या जमिनीवर वन कसं वाढेल ते सांगता येतं.

वीस हिवाळे मी सुया गोळा करणाऱ्या बाबे माविंबेलांच्या खांद्यावरून फिरले; तिकडे मोठ्या माणसाला 'बाबे' म्हणतात. "आमची आकडी झाडांची नाडी बघते," असं ते ऐटीत सांगत. ऐकून मी फुलून जायचे.

मग एकदा बाबेंनी मला घरी नेलं, परसातले अवोकाडो काढायला. काडकन माझा वरचा तुकडा मोडला! इतकी वर्षं मान मिळवलेल्या माणसाने हे वनकंपनीच्या साहेबांना सांगायचं कसं? दुसऱ्या दिवशी कामगारांच्या वस्तीमागच्या वनात त्यांनी उरलेल्या तीन तुकड्यांनी खालच्या, सावलीतल्या जुन्या सुया तोडल्या. "सुई ती सुई! वरची काय नि खालची काय," ते पुटपुटले. जुन्या सुयांनी आपलं सत्त्व कधीच वरच्या नव्या सुयांना दिलेलं असतं. मला ते ठाऊक होतं, पण आकडीचं कोण ऐकतं?

अहवाल आला: जमीन निकस. साहेबांनी ठरवलं, वन तोडायचं, पुन्हा लावायचं नाही, कामगारांची वस्ती उठवायची. बाबेंचं घर त्याच वस्तीत होतं. मी हादरले. हे माझ्या हातून झालं?

तोडणीच्या सकाळी पहिलं झाड बाबेंच्या पुढ्यात कोसळलं. शेंड्याच्या सुया लांबसडक, गर्द हिरव्या! प्रयोगशाळेतली, अहवाल लिहिणारी डुमसिले तिथेच उभी होती. तिचा चेहरा उतरला.

"बाबे, हे झाड उपाशी? मग तुम्ही मला दिलेल्या सुया कुठल्या?"

"खालच्या गं, पोरी. आकडी मोडली होती. सांगायची लाज वाटली."

"लाज? अहो, चाळीस घरांनी भांडी बांधून ठेवलीत!"

"आणि त्यात आमचीही भांडी आहेत!" वस्तीतल्या बायकांबरोबर आलेली बाबेंची बायको कडाडली. "चार अवोकाडोंपायी घर घालवत होतात, घर!"

करवती थांबल्या. शेंड्याच्या सुया तपासल्या, जमीन कसदार निघाली आणि वस्ती राहिली. मला नवा तुकडा मिळाला. बाबेंना मात्र पुन्हा माझ्याजवळ येऊ दिलं नाही.

मित्रांनो, हातातलं अवजार मोडलं तर त्याच दिवशी सांगा. बाबेंनी सांगितलं असतं, तर त्यांना नुसता एक ओरडा बसला असता.